तारीख भेटली

वऱ्हाडात वस्तू मिळत नाही, भेटते. एसटी भेटते, युरिया भेटतो. न्यायालयातून परतलेल्या माणसाला पारावर कोणी विचारले, "काय झालं गा?", तर उत्तर येते, "काई नाई, तारीख भेटली." या वाक्याला कर्ता नाही. तारीख कोणी मागितली, कोणी दिली, कशासाठी दिली, यातले काहीच त्यात नाही. पाऊस पडावा तशी तारीख पडते. न्यायालयाचा कारभार आणि न्यायाधीशांचे उत्तरदायित्व यांचा विचार मला या वाक्यापासूनच सुरू करावासा वाटतो. न्यायाधीश लाचखाऊ निघाला तर त्याचे काय करायचे, याची तजवीज आपल्या व्यवस्थेत आहे. निकाल चुकला तर काय करायचे, याचीही आहे. पक्षकाराला सर्वांत जास्त गांजणारी गोष्ट म्हणजे तारीख, आणि तिचा जाब मात्र व्यवस्थेने कोणाच्याच नावावर चढवलेला नाही.

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके. जिल्ह्याच्या गावी प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश बसतात. पुसद, दारव्हा आणि पांढरकवडा येथेही जिल्हा न्यायाधीशांची न्यायालये आहेत. पांढरकवड्याला न्यायालयाच्या कागदावर अजून केळापूर म्हणतात, हे नवख्या पक्षकाराला समन्स हाती पडल्यावरच कळते. तालुक्याच्या गावी बहुधा एक खुर्ची असते आणि तिच्यावर दोन माणसे बसलेली असतात: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग. पोलिसांनी आणलेल्या आरोपीची कोठडी ठरवायची, न वटलेल्या धनादेशांच्या फिर्यादी ऐकायच्या, नवऱ्याने टाकून दिलेल्या बाईची पोटगी ठरवायची आणि उरलेल्या वेळात धुऱ्याचा वाद ऐकायचा, ही सगळी कामे त्या एकाच माणसाची. "उरलेल्या वेळात" हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. आपल्याकडे दिवाणी दाव्याच्या वाट्याला उरलेलाच वेळ येतो.

या सगळ्यांना जाब विचारणारा मात्र कधीच जिल्ह्यात नव्हता. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला तेव्हा वरची सूत्रे हैदराबादच्या रेसिडेंटकडे होती. १९०३ नंतर वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला आणि सूत्रे नागपूरकडे गेली. जुन्या वणी जिल्ह्याचे नाव १९०५ मध्ये यवतमाळ झाले. जानेवारी १९३६ मध्ये नागपूरला उच्च न्यायालय आले, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून विदर्भ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाखाली आला. राज्ये बदलली, तरी खालचा न्यायाधीश वरच्याला उत्तर देतो आणि समोर बसलेल्याला देत नाही ही रीत टिकली. संविधानाच्या २३५व्या अनुच्छेदाने तिलाच पक्के रूप दिले. पगार राज्य शासन देते, इमारत सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो, पण खालच्या न्यायाधीशांची बदली, रजा, शिस्त, गोपनीय अहवाल हे सारे उच्च न्यायालयाच्या नियंत्रणात. हे नियंत्रण मंत्र्याच्या हाती नाही ही मोठीच गोष्ट, आणि ती तशीच राहावी. माझा आक्षेप नियंत्रणावर नाही. ते काय मोजते, यावर आहे.

उत्तरदायित्व हा शब्द आपण सैलपणे वापरतो. त्याच्या पोटात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत: निर्णयाची जबाबदारी, वर्तनाची, वेळेची आणि कचेरीची. पहिल्या दोहोंची चर्चा वर्तमानपत्रांत होते. उरलेल्या दोन पक्षकार भोगतो.

निर्णयाचा जाब अपिलात घ्यायचा असतो, न्यायाधीशाच्या घरी नोटीस पाठवून नव्हे. न्यायाधीशाने कामाच्या ओघात दिलेल्या निर्णयाबद्दल त्याच्यावर दावा चालत नाही, हे संरक्षण १८५० च्या कायद्यापासून आहे. १९८५ च्या कायद्याने ते आणखी घट्ट केले. निकाल चुकला एवढ्यावरून न्यायाधीशावर शिस्तभंगाची कारवाई करू नये, त्यामागे काही बाहेरचे कारण दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना एकदा नव्हे, अनेकदा बजावले आहे. २०१९ च्या कृष्णप्रसाद वर्मा प्रकरणात तर स्पष्टच. यात गोंधळ झाला की काय होते, याचे उदाहरण नागपूर खंडपीठातच आहे. जानेवारी २०२१ मध्ये न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी 'पोक्सो' कायद्याखालच्या एका अपिलात कपड्यांवरून झालेला स्पर्श त्या कायद्यातील लैंगिक हल्ल्याच्या व्याख्येत बसत नाही असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला. निर्णयाचा जाब घेण्याची रीत ही, आणि ती चोख पाळली गेली. पण त्याच सुमारास दुसरेही घडले. त्या अतिरिक्त न्यायमूर्ती होत्या. त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमने मागे घेतली, मुदत एकच वर्ष वाढली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकीचा होता असेच माझेही मत आहे. तरी कायम न करण्याच्या कारणांचा कागद लोकांसमोर आलाच नाही. तालुक्याच्या खुर्चीवर बसलेल्या तरुण न्यायाधीशाने यातून कोणता धडा घेतला असेल? बरोबर निकाल दे, की गाजणारा निकाल देऊ नकोस?

वर्तनाचा जाब दोन तराजूंत तोलला जातो. वरच्यांसाठी संसदेतला ठराव आणि १९६८ चा चौकशी कायदा. तो किती जड आहे हे दोनदा दिसले. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्धचा ठराव लोकसभेत पडला, कारण सत्ताधारी बाकांनी मतच दिले नाही. २०११ मध्ये न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्धचा ठराव राज्यसभेने मंजूर केला, आणि तो लोकसभेत येण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. मधली वाट मुंबईतून निघाली हे आपल्याकडे फार जणांना आठवत नाही. १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांनी वकील संघटनांच्या दबावाखाली पद सोडले. त्यावरून उभ्या राहिलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की पदावरून काढण्याएवढे गंभीर नाही पण डोळेझाक करण्याएवढे किरकोळही नाही, अशा वर्तनासाठी न्यायसंस्थेने स्वतःची अंतर्गत पद्धत उभारावी. पुढे १९९७ मध्ये न्यायाधीशांनी पाळायच्या मूल्यांचा मसुदा आला आणि १९९९ मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत.

खालच्यांसाठीचा तराजू हलका, म्हणजे पटकन झुकणारा. उच्च न्यायालयाचा दक्षता विभाग आहे, विभागीय चौकशी आहे, ठरावीक वयाला कामाचा आढावा घेऊन सक्तीने निवृत्त करण्याचा अधिकार आहे. जिल्हा न्यायाधीश असलेल्या माणसालाही तो चुकत नाही. दुसऱ्या बाजूने, तक्रार करणाऱ्यासाठी उंबरठा उंच. ऑक्टोबर २०१४ पासून भारताच्या सरन्यायाधीशांच्या सूचनेप्रमाणे, खालच्या न्यायाधीशाविरुद्धच्या तक्रारीला शपथपत्र आणि पडताळता येईल असा मजकूर जोडावा लागतो. निनावी चिठ्ठ्यांचा त्रास ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही अट रास्त वाटेल; मलाही वाटते. मात्र झरी-जामणीकडच्या पोडावरच्या कोलाम माणसाने शपथपत्र करायचे कुठे? त्याच तालुक्याच्या आवारात, त्याच वकिलांच्या टेबलावर, ज्यांना उद्या त्याच न्यायाधीशासमोर उभे राहायचे आहे.

आता वेळ. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या न्यायालयात मी मध्यंतरी एक सकाळ काढली. कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही, कारण दुसऱ्या कोणत्याही न्यायालयात हेच दिसले असते. दारापाशी दिवसाचा बोर्ड लावलेला. बाकावर माझ्या शेजारी धोतर नेसलेले एक म्हातारबुवा, मांडीवर नायलॉनची थैली, थैलीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला सातबारा. कापूस वेचणीचे दिवस होते. शिपायाने पुकारा केला, बुवा उठून उभे राहिले. समोरच्या पक्षाच्या वकिलांच्या ज्युनिअरने मुदत अर्ज पुढे केला: वरिष्ठ दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत. बुवांच्या वकिलांनी मान हलवली. साहेबांनी अर्जावर सही केली, कारकुनाने तारीख सांगितली, पुढचा पुकारा झाला. दोन मिनिटेही लागली नसतील. बुवा बाकावर परत आले आणि मला म्हणाले, "सायबानं काय लेहलं?"

लिहिले होते रोजनाम्यात, दोन ओळी, इंग्रजीत. पक्षकार हजर, मुदत अर्ज मंजूर, पुढे पुराव्यासाठी अमुक तारीख. अर्ज कोणाचा, ही कितवी मुदत, खर्च का लावला नाही, यातले काही त्यात नव्हते.

कायदा याबाबत मुका नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशाप्रमाणे सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देता येत नाही, आणि वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे हे तर मुदतीचे कारणच होऊ शकत नाही, असे तिथे सरळ लिहिलेले आहे. कैफियतीसाठी तीस दिवस, फार तर नव्वद. एकतर्फी मनाई दिली तर निशाणी पाचचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज तीस दिवसांत निकाली काढायचा. युक्तिवाद संपल्यावर निकाल तीस दिवसांत, अपवाद म्हणून साठ. या साऱ्या मुदती १९७६ आणि २००२ च्या दुरुस्त्यांतून टप्प्याटप्प्याने घट्ट झाल्या. पुढे २००५ मध्ये सेलम बार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या काहींना न्यायाधीशाच्या विवेकाची सवलत दिली. सवलत अपवादासाठी होती. ती नियमाच्या खुर्चीवर कशी बसली?

मुदत अर्ज समोर आला की तरुण न्यायाधीशाच्या मनात कोणता हिशेब होतो तो पाहा. अर्ज मंजूर केला तर कोणीही तक्रार करत नाही: मागणारा खूश, समोरच्या वकिलालाही उद्या हीच सवलत हवी असते, आणि पक्षकार बोलत नाही. नामंजूर केला तर अपिलात वा रिट याचिकेत "संधी दिली नाही" म्हणून आदेश उलटण्याची शक्यता, बार रूममध्ये नाराजी, कधी बहिष्काराची भाषा. वकिलांना संपाचा अधिकार नाही असे सर्वोच्च न्यायालय २००२ मध्ये हरीश उप्पल प्रकरणात म्हणाले खरे. पण त्या दिवशी बोर्डावरची कामे पुढे ढकलावी लागतात ती तालुक्याच्या न्यायाधीशालाच. तीन वर्षांनी बदली ठरलेली असते. ज्या बारला लोकनायक बापूजी अणे यांच्यासारख्या, १९०८ पासून यवतमाळला वकिली केलेल्या माणसाची परंपरा आहे, त्या बारने या हिशेबातला आपला वाटा नाकारू नये.

यावर उच्च न्यायालयाचे मोजमाप आहे, आणि ते निरुपयोगी नाही. प्रत्येक न्यायाधीशाने ठरावीक काळात किती काम केले ते 'युनिट'मध्ये मोजले जाते. निरनिराळ्या प्रकरणांना निरनिराळे युनिट. त्यावर शेरे मिळतात. जुनी प्रकरणे आधी घ्या असा तगादाही असतो. न्यायाधीश काम करत नाहीत, हा आपल्याकडचा लाडका समज या विवरणपत्रांपुढे टिकत नाही. अडचण वेगळीच आहे. जे मोजले जाते ते वाढते. तडजोडीने मिटणारे, कबुलीने संपणारे, लोकअदालतीत निघणारे प्रकरण लवकर युनिट देते. बारा वारस, तीन मयत प्रतिवादी आणि चार सर्व्हे नंबर असलेला वाटपाचा दावा महिनोन्महिने घाम काढतो आणि शेवटी त्याचे युनिट बदलून आलेल्या पुढच्या साहेबाच्या खाती जातात. मग त्यावर घाम गाळायचा कोणी?

हाच वाटपाचा दावा पुढे नेऊन बघू, कारण न्यायालयाच्या आकडेवारीतली सर्वांत मोठी फट इथे दिसते. समजा दावा निकाली निघाला आणि बुवांना तिसरा हिस्सा मिळाला. म्हणजे बुवांना शेत मिळाले का? नाही. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप संहितेच्या ५४व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. हुकूमनामा तिकडे जातो, तिथून तहसीलदाराकडे, मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे. न्यायाधीशाच्या विवरणपत्रात दावा संपला आहे. तहसीलच्या कारकुनाच्या लेखी तो "कोर्टाचा कागद" आहे. बुवांच्या लेखी काहीच झालेले नाही. भारतात दावेदाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, अशा अर्थाचे मत प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवले होते. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या उच्च न्यायालयांकडून तुंबलेल्या दरखास्तींचा, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जांचा, आकडा मागवला. तो देशभरात आठ लाख ऐंशी हजारांच्या वर निघाला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतला होता.

या दरखास्तींत यवतमाळची म्हणून एक वेगळी जात आहे. धरणाखाली शेते गेली. बेंबळा, अरुणावती, पैनगंगा, पूस ही नावे इथल्या वकिलांच्या तोंडी नद्यांपेक्षा भूसंपादनाची प्रकरणे म्हणून जास्त असतात. न्यायालयाने मोबदला वाढवून द्यायचा, शासनाने तो भरायचा नाही, मग दरखास्त, मग जप्तीचे वॉरंट. बेलिफ सरकारी कचेरीत जातो, खुर्च्या आणि संगणकांची यादी करतो, साहेब लेखी मुदत मागतात, पुढच्या दिवशी स्थानिक पानावर "खुर्ची जप्तीची नामुष्की" अशी बातमी येते. हसण्यासारखे दृश्य खरेच, पण यात उशीर करणारा पक्ष कोण आहे तो पाहा. जे शासन न्यायालयाला इमारत, पदे आणि पैसा देते तेच सर्वांत मोठे पक्षकार आहे आणि सर्वांत बेफिकीर देणेकरीही. विलंबाचा सगळा जाब न्यायाधीशाच्या माथी मारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. न्यायाधीशांची संख्याही याच हातात. विधी आयोगाने १९८७ मध्ये, दहा लाख लोकांमागे साडेदहा न्यायाधीश असताना, ते पन्नास करावेत अशी शिफारस केली. जवळपास चार दशकांनंतर मंजूर पदे एकवीसच्या आसपास आहेत आणि मंजूर सगळीच भरलेली नसतात.

रामशास्त्र्यांचे नाव या विषयात आल्याशिवाय राहत नाही, म्हणून एक शेरा. त्यांच्या बाण्याची आठवण आपण पिढ्यान्पिढ्या जपली. त्यांच्या दप्तरात किती कज्जे किती वर्षे पडून होते, हा प्रश्न मात्र आपल्या कधी मनात आला नाही. न्याय म्हणजे करारी माणूस, हे आपले चित्र. नाझर आणि बेलिफ त्या चित्रात नाहीत.

वास्तविक न्यायालय चालते ते नाझरामुळे. समन्स बजावायला बेलिफ पाठवणे, जप्तीचा माल ठेवणे, साक्षीदाराचा भत्ता, ठेवींचा हिशेब, हे सगळे त्याच्याकडे. समन्स "घर बंद" असा शेरा होऊन परत आले की एक तारीख गेली. पुन्हा आले की दुसरी. बेलिफ खरोखर गेला होता का, हे पाहायला कोणाला वेळ असतो? कागदावर ते जिल्हा न्यायाधीशांचे काम, कारण कर्मचारी त्यांच्या हाताखाली. पण जिल्हा न्यायाधीशाने खुनाचे खटले चालवायचे, अपिले ऐकायची, शिवाय गळणारे छत, बंद पडलेला जनरेटर आणि रिक्त लिपिकपदे यांसाठी पत्रे लिहायची. त्यासाठी तेराव्या वित्त आयोगाने २०१० मध्ये न्यायव्यवस्थेला दिलेल्या पाच हजार कोटींत व्यवस्थापनाचे शिक्षण घेतलेल्या 'कोर्ट मॅनेजर'ची तरतूद होती. नेमणुका झाल्या त्या बऱ्याच ठिकाणी कंत्राटी, आणि निधीची मुदत संपल्यावर डळमळीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पदे कायम करा म्हटले. मे २०२५ मध्ये नियम करा म्हणून पुन्हा सांगावे लागले. कचेरी चालवणे हे वेगळे कौशल्य आहे, ही गोष्ट गळी उतरायला पंधरा वर्षे लागली.

तुलनेसाठी त्याच आवाराच्या पलीकडे, तहसीलमध्ये जाऊ. शेतरस्त्याचा, पाटाच्या पाण्याचा वाद १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार ऐकतो. तोही न्यायालयच, पण त्याच्यावर २३५व्या अनुच्छेदाचे नियंत्रण नाही, युनिट नाहीत, 'ई-कोर्ट'वर त्याचा बोर्ड नाही. निवडणूक आली, अतिवृष्टीचे पंचनामे आले की सुनावणी गेली. आणि तरी अनेक शेतकरी सांगतील की तिथला साहेब निदान शेतावर येऊन पाहून जातो. दिवाणी न्यायाधीशाला तशी जागेची पाहणी करता येते, अठराव्या आदेशात नियम आहे. किती जण करतात? बाहेरचा वारा लागू न देण्याच्या नादात आपण न्यायाधीशाला धुऱ्यापासूनही दूर ठेवले.

मग करावे काय? नव्या आयोगाची, नव्या लोकपालाची मागणी सोपी आहे, आणि तारखेवर तिचा काडीचा परिणाम होणार नाही. तारखेला कर्ता हवा, आणि कर्ता मिळतो तो नोंदीतून. अमेरिकेत १९९० च्या एका कायद्याने संघीय न्यायालयांना दर सहा महिन्यांनी यादी छापायला लावली: सहा महिन्यांहून जुने अर्ज आणि तीन वर्षांहून जुने दावे, न्यायाधीशाच्या नावासह. शिक्षा काही नाही, फक्त यादी. तरी मार्च आणि सप्टेंबर अखेर जवळ आली की तिथले न्यायाधीश जुनी प्रकरणे उरकायला लागतात, असे अभ्यासकांना दिसले. घाईने निकालाचा दर्जा घसरतो का, हा प्रश्न रास्त आहे, पण आपण अजून त्या प्रश्नापर्यंतही पोचलो नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अनिल राय प्रकरणात निकालाच्या पहिल्या पानावर युक्तिवाद कधी संपला आणि निकाल कधी दिला, या दोन्ही तारखा छापायला सांगितल्या. विचार तोच: दोन तारखा शेजारी छापल्या की जाब विचारायला तिसरा माणूस लागत नाही.

राष्ट्रीय न्यायालयीन माहिती जालावर २०१५ पासून प्रत्येक जिल्ह्याची प्रलंबित प्रकरणे दिसतात. यवतमाळवर बोट ठेवले की तालुक्यापर्यंत उतरता येते. विलंबाचे कारण नोंदवायचीही सोय आहे. पण ते कारण कर्मचाऱ्याने ठरावीक पर्यायांतून निवडायचे असते, आणि "वकील उपलब्ध नाही" या पर्यायात कोणाचा वकील ते येत नाही. त्यासाठी नवा कायदा नको. उच्च न्यायालयाने एका परिपत्रकाने एवढे करावे: रोजनाम्यात मुदत मागणाऱ्याचे नाव, मुदतीचा क्रमांक आणि लावलेला खर्च लिहिल्याशिवाय संगणकाने पुढची तारीख घेऊच नये. दर सहा महिन्यांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक न्यायालयाच्या दारावर दहा सर्वांत जुन्या दाव्यांची यादी लावावी, त्यापुढे आजवरच्या मुदती कोणी घेतल्या त्यासकट. त्यात शासनाची नावे किती येतात ते लोकांना दिसू दे. प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या वार्षिक तपासणीत युनिटबरोबर ही यादीही तपासावी. न्यायाधीशाच्या स्वातंत्र्याला यातून ओरखडाही उठत नाही, कारण निकाल काय द्यायचा याबद्दल यात एक शब्द नाही. उलट मुदत नाकारणाऱ्या न्यायाधीशाला पहिल्यांदाच कागदाचा आधार मिळतो: नाकारली, कारण ही सातवी होती.

आणि हे मराठीत. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी ठरली आहे. साक्ष मराठीत होते, वकील मराठीत बोलतात, साहेब मराठीत विचारतात, आणि त्या दोन ओळी इंग्रजीत उमटतात, कारण संगणकात तशीच वाक्ये आधी भरून ठेवलेली असतात. बुवांना "सायबानं काय लेहलं?" असे शेजाऱ्याला विचारावे लागते तोवर उत्तरदायित्वाचा अर्थ नागपूरला पाठवायचे विवरणपत्र एवढाच राहणार.

तोवर वाचकांपैकी ज्यांचा दावा जिल्ह्यात कुठे चालू असेल, त्यांनी एक काम करावे. पुढच्या तारखेला नक्कल विभागात साधा अर्ज देऊन आपल्या दाव्याच्या सुरुवातीपासूनच्या रोजनाम्याची नक्कल मागावी. पक्षकाराला तो हक्क आहे आणि खर्च थोडा आहे. घरी नेऊन, शाळेत जाणाऱ्या मुलीला शेजारी बसवून, प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलीने एकच गोष्ट लिहावी: ही कोणी मागितली. तुमच्या स्वतःच्या वकिलाचे नाव किती वेळा येते तेही मोजा.